हसतं ते आपलं नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतले एक सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याचे मालक, सहकुटुंब केनियाला जाऊन आले. परतल्यावर पंधरा दिवस त्यांचा मोबाइल इचलकरंजीभर हातोहात फिरत होता. सिंह, हत्ती, जिराफ हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं, त्यामुळे ते फोटो बोटानं भराभर सरकायचे. एका चित्रफितीपाशी मात्र बोट थांबायचं. काळोखी रात्र, गाडीवरच्या दिव्याचा लाल झोत, त्या झोतात चमकणारे दहा-बारा डोळे आणि मागून येणारं खिदळणं, अंगावर काटा आणणारं. "ऐका, तरस हसतंय," असं ते प्रत्येकाला सांगत.

एका रात्री टपरीवर हाच कार्यक्रम चालला होता. रात्रपाळीतला एक कामगार चहाला बाहेर आला होता, जतकडचा. त्यानं ती फीत दोनदा पाहिली, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "मालक, ह्ये आमचं तरस न्हवं. आमच्या माळाला हाय की तरस. त्ये हसत न्हाई, असं घोळक्यानं पळतबी न्हाई. दिसलं तर एकटंच दिसतंय, न्हाईतर सकाळी नुसती पावलं."

मालक जरा खट्टू झाले. एवढा खर्च करून पाहिलेलं जनावर तरस नाही म्हणजे काय? खरं तर दोघांचंही बरोबर होतं.

तरसाच्या कुळात आज जगात चारच जाती उरल्या आहेत. आफ्रिकेतलं ठिपकेवालं तरस, दक्षिण आफ्रिकेकडचं तपकिरी तरस, वाळवी खाऊन जगणारा आर्डवुल्फ हा किरकोळ अंगाचा भाऊबंद आणि आपलं पट्टेवालं तरस. आपलं म्हणायचं, पण ते उत्तर आणि पूर्व आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, मध्य आशिया असं करत भारतापर्यंत पसरलेलं आहे. भारतात मात्र चौघांपैकी हे एकटंच. बघणारा या कुळाला कुत्र्याच्या जातीत घालतो. तोंड तसं, चाल तशी, नखंही आत न जाणारी. प्राणिशास्त्रातलं नातं मात्र मांजर आणि मुंगुसाच्या शाखेशी जुळतं. पाठीचा उतार तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहतो: पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे जनावर कायम चढ चढत असल्यासारखं दिसतं.

कन्नडमध्ये तरसाला 'कत्तेकिरुब' म्हणतात. 'कत्ते' म्हणजे गाढव. तमिळमध्ये त्याचं नाव चक्क गाढव-वाघ असं आहे. आयाळीसारखे उभे केस, टोकदार कान आणि ती चाल पाहिली की गाढव का आठवलं असेल ते कळतं. संस्कृत 'तरक्षु'पासून आपलं 'तरस' आलं आणि विदर्भात त्याचं 'तडस' झालं. वर्ध्याकडे हे आडनावही आहे.

आता त्या चित्रफितीकडे वळू. मसाई माराच्या मुख्य राखीव क्षेत्रात सूर्यास्तानंतर पर्यटकांच्या गाड्या फिरू देत नाहीत. शेजारी मसाई लोकांच्या जमिनींवर जी खासगी संवर्धनक्षेत्रं उभी राहिली आहेत, तिथं रात्रीच्या फेरीला परवानगी असते. लाल काच लावलेला दिवा वापरतात, कारण त्या उजेडानं जनावरं कमी बिथरतात. डोळे चमकतात ते दृष्टिपटलामागच्या आरशासारख्या पडद्यामुळे. आत शिरलेला उजेड तिथून परत फिरतो आणि डोळ्याला तोच उजेड दुसऱ्यांदा वापरता येतो. आपल्या मांजरीच्या डोळ्यांत दिसते तीच ही चकाकी.

ठिपकेवालं तरस हे चोर, भित्रं आणि सिंहाचं उष्टं खाणारं, असं जगानं शतकानुशतकं धरून ठेवलं होतं. लहान मुलांच्या 'द लायन किंग' या १९९४ च्या चित्रपटात तर त्यांची फौज खलनायकाच्या दिमतीलाच दिली आहे. हा समज मोडला तो हान्स क्रूक या डच शास्त्रज्ञानं. १९६० च्या दशकात टांझानियातल्या सेरेंगेटीत आणि न्गोरोंगोरोच्या विवरात त्यानं रात्र-रात्र जागून तरसांच्या मागे गाडी हाकली. चांदणं असेल तेव्हा दिवे बंद. तोवरची निरीक्षणं बहुतेक सकाळची होती. सकाळी दिसायचं काय, तर सिंह मेलेल्या जनावरावर बसलेला आणि भोवती तोंडाला लाळ सुटलेली तरसं ताटकळत उभी. बघणाऱ्यानं निष्कर्ष काढला की शिकार सिंहाची. क्रूकनं त्याच जागी आदल्या रात्री काय झालं ते पाहिलं होतं. न्गोरोंगोरोत शिकार बहुतेक वेळा तरसांनीच केलेली असे. त्यांचा गलका ऐकून सिंह येई, त्यांना हुसकून लावी आणि उजाडेपर्यंत मालक बनून बसे. १९७२ साली त्याचा ग्रंथ आला आणि चोर कोण, शेटजी कोण हा हिशेब नव्यानं मांडावा लागला.

शिकारीची रीतही पाहण्यासारखी आहे. मांजराच्या जातीसारखं दबा धरून झडप घालणं तरसाला जमत नाही. ते सरळ कळपात घुसतं, कळप पळायला लागला की थांबतं आणि बघत राहतं. कोण लंगडतंय, कोणाचा दम आखूड आहे, कोण वेगळं पडतंय. मग एक निवडून त्याच्या मागे लागतं. वेग तासाला साठ किलोमीटरपर्यंत जातो, पण खरी ताकद वेगात नाही, दमात आहे. सावज थकेपर्यंत चार-पाच किलोमीटरही पाठलाग चालतो. वाइल्डबीस्ट हा तिथला गव्यासारख्या तोंडाचा हरणवर्गी प्राणी एकटं तरससुद्धा पाडू शकतं. झेब्र्याला मात्र दहा-पंधराजण लागतात, आणि क्रूकला दिसलं ते असं की झेब्र्याच्या शिकारीला निघालेली टोळी निघतानाच मोठी असते आणि वाटेतल्या वाइल्डबीस्टकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे आज काय खायचं ते घरून निघतानाच ठरलेलं. पुढचं दृश्य बघवत नाही. गळा दाबून मारणं वगैरे भानगड नसते, जिवंतपणीच खायला सुरुवात होते. एक तरस एका बैठकीला चौदा-पंधरा किलो मांस खातं. मोठ्या पंगतीत उशिरा आलेल्याला हाडंच मिळतात, म्हणून घाई.

हसणं येतं ते या पंगतीत. आपण ज्याला हसू म्हणतो तो आवाज आनंदाचा नसतो. हाकललं जाणारं, मार खाणारं, घास मिळेना म्हणून कावलेलं तरस तसं खिदळतं. अभ्यासकांनी ते आवाज ध्वनिमुद्रित करून तपासले तेव्हा त्यांत आवाज काढणाऱ्याचं वय आणि टोळीतली पत यांचा पत्ता लागतो असं दिसलं. त्याखेरीज लांबून येणारी, खालून वर चढत जाणारी 'ऊऽऽप' अशी हाळी असते. ती काही किलोमीटरांवर ऐकू जाते आणि हाळी कोणाची ते टोळीतल्यांना आवाजावरून ओळखू येतं.

या टोळ्यांत ऐंशीपर्यंत तरसं असू शकतात आणि राज्य बायकांचं असतं. मादी नरापेक्षा मोठी. आईची पत मुलीला मिळते. मोठे झालेले नर घर सोडून परक्या टोळीत जातात आणि तिथं सगळ्यांच्या खालच्या पायरीवरून सुरुवात करतात. मसाई मारामध्ये के होलकँप या अमेरिकन संशोधिका १९८८ पासून अशाच टोळ्यांच्या पिढ्यान्पिढ्यांची नोंद ठेवत आल्या आहेत. ठिपकेवाल्या मादीची जननेंद्रियं बाहेरून नरासारखीच दिसतात, त्यावरून 'तरस वर्षाआड नर-मादी बदलतं' अशी दंतकथा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्येही होती. अॅरिस्टॉटलनं ती खोडून काढली आणि शेपटीखालच्या एका खोबणीमुळे लोक फसतात असं लिहिलं. मौज अशी की त्याचं वर्णन पट्टेवाल्या तरसाला लागू पडतं. म्हणजे दोन तरसांचा घोळ आमच्या टपरीवर पहिल्यांदा झाला असं समजायचं कारण नाही.

तर मग जतच्या माळावरचं ते.

वजनानं तीस-चाळीस किलो, म्हणजे आफ्रिकी भावाच्या जेमतेम निम्मं. अंगावर काळे पट्टे, आणि प्रत्येकाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. आपोआप फोटो घेणारे कॅमेरे माळावर लावून तरसं मोजतात ती या पट्ट्यांच्याच भरवशावर. दिवसभर घळीत, कपारीत किंवा दुसऱ्यानं उकरलेल्या बिळात. अंधार पडल्यावर बाहेर, आणि बहुधा एकटं. आवाज जवळजवळ नाहीच. घाबरलं किंवा चिडलं की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी करतं आणि एकाएकी दीडपट मोठं दिसायला लागतं. कुत्र्यांनी अगदीच घेरलं तर मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतं; कुत्री कंटाळून बाजूला झाली की उठून पळतं. या एका गोष्टीसाठी मला हे जनावर फार आवडतं.

त्याचा धंदा मेलेलं शोधण्याचा. नाक जमिनीला लावून रात्रभर मैलोन्‌मैल चालतं. जनावर मेल्यावर गिधाडं मांस खातात, कुत्री-कोल्ही उरलंसुरलं ओढतात, आणि सगळ्यांचं झाल्यावर जे राहतं त्यावर तरस जगतं: हाडं, खुरं, वाळलेली कातडी. दाढा जाड आणि शंकूसारख्या, जबडा आवळणारे स्नायू डोक्याच्या माथ्यापर्यंत गेलेले. बैलाचं मांडीचं हाड ते कडाकड फोडतं आणि गिळतं. पोटातल्या आम्लात हाड विरघळतं. निघतो तो चुना. म्हणून तरसाची विष्ठा वाळली की पांढरीशुभ्र होते.

या पांढऱ्या खड्यांनी एकदा मोठा शोध लावून दिला होता. १८२१ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या कर्कडेल इथं खाणकामात एक गुहा उघडी पडली. आत हत्ती, गेंडा, पाणघोडा यांच्या हाडांचा खच. जलप्रलयात वाहून आली असतील, असं त्या काळच्या धर्मनिष्ठ मंडळींचं म्हणणं. विल्यम बकलंड हा भूशास्त्रज्ञ स्वतः धर्मोपदेशक होता, पण त्यानं हाडांवरच्या दातांच्या खुणा पाहिल्या, आणि त्यात मिसळलेले पांढरे गोळे पाहिले. लंडनमधल्या एका प्राणिसंग्रहाच्या रखवालदाराला ते दाखवले तर त्यानं ओळखलं: हे तरसाचं. मग बकलंडनं जिवंत तरस मिळवून त्याला हाडं खायला घातली आणि उरलेले तुकडे गुहेतल्या हाडांशी ताडून पाहिले. जुळले. गुहा तरसांचं घर होती आणि हत्ती-गेंडे तुकड्यातुकड्यांनी तिथं ओढून आणलेले होते. या कामासाठी १८२२ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं.

आपल्याकडे मात्र तरसाच्या वाट्याला पदक नाही आणि पोवाडाही नाही. उथळ पुरलेलं प्रेत ते उकरतं, हे खरं आहे, आणि माणसाला त्याची शिसारी वाटते ती मुख्यतः त्यामुळे. पुरल्या जागेवर दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकायची चाल अशाच जनावरांच्या भीतीनं पडलेली. शेळी-मेंढी नेल्याचा आळ तर नेहमीचाच. काही वेळा तो खराही असतो. एकटी शेळी, कुत्र्याची पिल्लं, कोंबडी हाताशी लागली तर तरस सोडत नाही. पण त्याची धाव तोकडी, सोबतीला टोळी नाही. शिकारी म्हणून ते सुमारच. बरेचदा मारतो बिबट्या किंवा लांडगा किंवा गावचीच मोकाट कुत्री, आणि पहाटे सांगाड्यापाशी सापडतं ते तरस. क्रूकच्या न्गोरोंगोरोतल्या खटल्याचं हे बरोबर उलटं रूप. तिथं शिकाऱ्याला चोर ठरवलं, इथं झाडूवाल्याला खुनी ठरवतात. दोन्हीकडे चूक एकाच कारणानं झाली: रात्री काय झालं ते कोणी पाहिलं नाही, सकाळी कोण उभं होतं तेवढं पाहिलं.

ठसे नीट पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. बिबट्याच्या पावलात नखं उमटत नाहीत, तरसाच्या उमटतात. बिबट्याचा ठसा गोलसर आणि पुढचा-मागचा थोडाफार सारखा. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा, कारण अंगाचा सगळा भार पुढे. हातकणंगले-शिरोळ भागात उसाच्या फडाजवळ 'बिबट्या आला' अशी हाळी उठली आणि लोक काठ्या घेऊन धावले की मला हा ठशांचा फरक आठवतो. अर्थात अशा गर्दीत खाली वाकून चिखल बघायला कोण थांबतं, हा प्रश्न आहेच. २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात तरसानं रस्त्यावर माणसावर हल्ला केल्याची फीत राज्यभर फिरली. असे हल्ले विरळा असतात, पण त्यानंतर कितीतरी दिवस जिकडेतिकडे तरसच दिसत होतं.

शिकारीचा विषय निघाला की कोल्हापूरकर जरा सरसावून बसतो. त्याला कारणही आहे. शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता आणि कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याची परंपरा होती. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते जहाजानं हिंदुस्थानात आले आणि मागवणाऱ्यांत कोल्हापूर ठळक होतं. २०२२ साली कुनोच्या जंगलात नामिबियाचे चित्ते उतरले तेव्हा देशभर नवलाई झाली. कोल्हापूरच्या माळांनी आफ्रिकेचा चित्ता शंभर वर्षांपूर्वी पाहिला होता.

तरसाला मात्र या दरबारात जागा नव्हती. चित्त्याची शिकार उजेडाची, घोड्यावरून बघायची, पाहुण्यांना दाखवायची. तरस मारण्यात शिकाऱ्याला इभ्रत वाटत नसे. इंग्रज सरकार हिंस्र जनावरांचा दरसाल हिशेब छापत असे, त्यात वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा यांच्या रांगेत तरसही असे. आफ्रिकेतही गोरे शिकारी तरसाला गोळी घालत ती उपद्रव म्हणून. आता तिथल्या काही देशांत परवाना काढून, आमिष बांधून आणि रात्री आडोशाला बसून तरसाची शिकार पैसे मोजून करता येते. केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली, त्यामुळे आमच्या सायझिंगवाल्यांनी पाहिलेली तरसं कॅमेऱ्यापुरतीच धोक्यात होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तरस तिसऱ्या अनुसूचीत होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आलं. इतकी बढती फार थोड्या जनावरांना मिळते.

पण कायद्यानं पोट भरत नाही. पूर्वी गावात बैल मेला की वेशीबाहेर नेऊन टाकत. गिधाडं यायची, रात्री तरस यायचं, चार दिवसांत जागा साफ. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं गिधाडं संपवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक गेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांची जागा मोकाट कुत्र्यांनी घेतली आणि मढ्यावर आता तरसाला त्या कुत्र्यांशी भांडावं लागतं. त्यांच्याकडून रोग येतात ते वेगळेच. दुसरं अन्न मिळालं ते कोंबडीपालनातून. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर टाकतात, आणि पुणे, सोलापूर भागात लांडगे, तरसं तिथं हजेरी लावतात. फुकटचं जेवण, पण त्यासाठी डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. चालायला सोपा म्हणून तरस रस्त्याकडेनं जातं, गाडीखाली मेलेलं काही मिळतं म्हणून थांबतं, आणि पुढच्या गाडीखाली स्वतः जातं.

त्यात माळाला सरकारदरबारी माळ म्हणत नाहीत. नकाशात तो पडीक जमीन असतो. पडीक म्हटलं की तिथं कारखाना बसवता येतो, सौर पट्ट्या लावता येतात, खड्डे खणून झाडंही लावता येतात. तरसाला झाडीची गरज नाही, मोकळं रान आणि एखादी घळ पुरते. तेच सगळ्यात आधी जातं.

इथिओपियात हरार नावाचं जुनं तटबंदीचं शहर आहे. त्याच्या तटाला मुद्दाम ठेवलेली लहान भोकं आहेत. रात्री त्यांतून ठिपकेवाली तरसं आत येतात, गल्ल्यांतला खाटकांचा कचरा खातात आणि पहाटे निघून जातात. तटाबाहेर काही घराण्यांतली माणसं त्यांना हातानं मांस भरवतात, आता तर ते पाहायला पर्यटक जातात. हे टपरीवर ऐकवलं तेव्हा सायझिंगवाले म्हणाले, "पुढच्या वर्षी तिकडं जाऊ." मी म्हटलं, त्याआधी जवळचं बघा; इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे, चार-पाच तासांचा रस्ता. चिंकारा दिसतील, नशीब असेल तर लांडगा. तरसाचं मात्र सांगता येत नाही, ते उजेडात फारसं बाहेर पडत नाही.

"त्यापेक्षा आमच्याकडं चला," जतचा तो म्हणाला. भोंगा व्हायला दहा मिनिटं होती. "ल्हानपणी शेरडं राखायचो तवा त्येचं पांढरं खडं घावायचं. आमाला काय म्हाईत, पाथरवटानं टाकल्यालं चुन्याचं असत्याल म्हणून आमी त्येनं खडकावर रेघोट्या वडायचो. बे-दुनं-चारचा पाढा लिवलाय मी त्येनं."

मालकांनी हातातला कप खाली ठेवला. "मग कळलं कसं?"

"आज्यानं बगितलं. कायबी बोलला न्हाई, पयल्यांदा आमाला हिरीवर न्हेऊन हात धुवायला लावलं."